गोळ्यांचा रकाना

वही अजून माझ्याकडे आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आत पट्टीने रेघ मारून दोन रकाने पाडलेत. डावीकडे त्या दिवशी काय खाल्लं ते, उजवीकडे दहापैकी एक आकडा. कुठलंही पान काढा. ‘ज्वारीची अर्धी भाकरी, दोडका, मुगाची उसळ, लसूण २ पाकळ्या – ६.’ खाली दुसऱ्या दिवसाचं: ‘भाकरी नाही. पालेभाजी, अंडी २, खोबरेल १ चमचा – ६.’ मग ५, मग ७, परत ६. एकतीस वर्षं बँकेत जमा-नावे जुळवलेल्या बाईची वही आहे, त्यामुळे अक्षर नीट, तारखा नीट, खाडाखोड कुठे नाही.

फक्त तो सहा कशाचा, हे अख्ख्या वहीत लिहिलेलं नाही.

खाजेचा. आणि खाज कुठे, तर जिथली खाज कुणाला सांगता येत नाही तिथे. स्वतःच्या वहीत, जी माझ्याशिवाय कुणी उघडणार नव्हतं, तिच्यातही मला ते लिहवलं नाही. आईच्या वेळी बायका ‘अंगावरून जातंय’ म्हणायच्या, आजी ‘धुपणी’ म्हणायची, आम्ही ‘खाली त्रास होतोय’ म्हणतो. मराठीत शब्द नाही असं थोडंच आहे? चौऱ्याऐंशी लक्ष योनी आपण कीर्तनात मांडी घालून बिनदिक्कत ऐकतो. पण एका योनीबद्दल डॉक्टरशी बोलायचं म्हटलं की घसा बसतो.

तर २०२३ चा एप्रिल. वय चोपन्न, पाळी जाऊन चार वर्षं झालेली, साखरेचा आजार नऊ वर्षांचा जुना. उन्हाळा आहे, घामाने होत असेल म्हणून पहिला आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात रात्री दोनला उठून न्हाणीघरात गार पाण्याचा तांब्या घेऊन बसायची वेळ आली. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जात होतं. लघवीला बसलं की मिरची लागल्यासारखी आग.

तिसऱ्या आठवड्यात मेडिकलमध्ये गेले. घराजवळच्या नव्हे, दोन चौक सोडून पलीकडच्या. दुकानात दोन पुरुष उभे होते, ते जाईपर्यंत मी खोकल्याच्या गोळ्या न्याहाळत राहिले. मग ‘स्किनला खाज येते’ एवढंच म्हणाले. कुठल्या स्किनला, हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्याने एक ट्यूब कागदात गुंडाळून दिली. दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम. आठव्या दिवशी दुपटीने परत.

त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं, जंतूंचं होतं, आणि वर चांगलं कडक स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड खाज दाबतं आणि त्या जागेची राखणही ढिली करतं, म्हणजे चोराला दार उघडून देऊन कुत्र्याला झोपवल्यासारखं. असली कडक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ मध्येच केलाय. मला काही त्याने चिठ्ठी मागितली नाही. त्याला दोष देते, पण अर्धाच. चिठ्ठी मागितली असती तर मी तिसऱ्या चौकातलं मेडिकल शोधलं असतं.

पुढच्या खेपेला गोळी आणली, फ्लुकोनॅझोल, दीडशे मिलिग्रॅमची, एकच घ्यायची. ते बरोबर औषध होतं, हे आता कळतं. पण मी साखरेसाठी ग्लिमेपिराइडही घेत होते, आणि ही बुरशीची गोळी त्या गोळीचा निचरा अंगात मंदावते, त्यामुळे साखर एकदम खाली येऊ शकते, हे मला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी भाजी मंडईत मेथीची जुडी हातात धरून उभी असताना पाय लटपटले, कपाळावर घाम. शेजारच्या मावशींनी पोत्यावर बसवलं आणि चिक्कूची एक फोड तोंडात कोंबली. घरी येऊन मी ‘उन्हाचं चक्कर आलं’ म्हणाले. खाजेला दहा दिवस उतार पडला. मग पुन्हा सुरू.

जूनमध्ये मी लॅपटॉप उघडला. तिथे काही बोलावं लागत नाही, नुसतं टाइप करायचं.

तिथे जे सापडलं त्याला मी अजून पूर्ण हसू शकत नाही, कारण तेव्हा ते मला फार पटलं होतं. म्हणे कँडिडा नावाचं यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार, आतड्यात माजतं, आणि मग थकवा, डोकेदुखी, गॅस, विसराळूपणा, सांधेदुखी, चिडचिड, सगळं त्यातूनच. चोपन्न वर्षांच्या कुठल्या बाईला यातलं निम्मं नसतं? यावर उपाय म्हणजे यीस्टला उपाशी मारायचं. साखर, गूळ, मध, फळं बंद. पाव बंद, इडली-डोसा बंद, लोणचं बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद. भाताकडे बघायचंही नाही.

शिवाय घरच्या घरी करायची एक परीक्षा होती. सकाळी उठल्यावर चूळसुद्धा न भरता काचेच्या ग्लासातल्या पाण्यात थुंकायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं. थुंकीचे दोरे खाली लोंबले की समजायचं कँडिडा. मी थुंकले. दोरे लोंबले. ओट्याशी वाकून ग्लासाकडे टक लावून बसलेली मला बघून नवऱ्याने विचारलं, तेव्हा त्यालाही थुंकायला लावलं. त्याचे दोरे माझ्यापेक्षा लांब. त्या माणसाला खाज नाही, थकवा नाही, रात्री घोरतो एवढीच तक्रार, तीही माझी. लाळ चिकट असते म्हणून लोंबते, एवढंच त्या प्रयोगातून सिद्ध होत होतं. पण मी काढलेला निष्कर्ष असा, की ह्यांनाही आहे, फक्त लक्षणं नाहीत.

या कल्पनेचं मूळ अमेरिकेतलं. १९८३ च्या सुमारास टेनेसीतल्या विल्यम क्रूक या बालरोगतज्ज्ञांनी ती पुस्तकातून घरोघर नेली. पुढे अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी ती तपासूनही पाहिली. असा त्रास सांगणाऱ्या ४२ बायकांना आळीपाळीने बुरशीचं खरं औषध आणि तसंच दिसणारं खोटं औषध दिलं, कुणाला कधी काय मिळतंय हे गुपित ठेवून. १९९० मध्ये निष्कर्ष छापून आला. योनीच्या तक्रारी खऱ्या औषधाने कमी झाल्या. थकवा, उदासी वगैरेंवर खरं-खोटं दोन्ही सारखंच. म्हणजे मी जिथल्या दुखण्याबद्दल गप्प होते, तिथलं औषध खरं होतं. आणि ज्याच्याबद्दल आपण चारचौघांत मोकळेपणाने बोलतो, थकवा आणि गॅस, तिथे ते औषध काही कामाचं नव्हतं.

पण हे मला नंतर कळलं. जुलैच्या पहिल्या सोमवारी मी वही घेतली आणि पथ्य सुरू केलं. आणि खरं सांगते, सोपं गेलं. ‘कसं जमतं तुला’ असं नवरा विचारायचा, तर मला प्रश्नच कळायचा नाही. लहानपणापासून सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. लग्नानंतर हरतालिका निर्जळी. खाणं सोडायचं शिक्षण आम्हाला इतकं पक्कं मिळालेलं असतं की कुठलंही संकट आलं की हात आपोआप ताट बाजूला सारतो. शिवाय उपासाला कुणी कारण विचारत नाही. नुसतं ‘पथ्य आहे’ म्हटलं की भागतं.

गणपतीत एकवीस मोदक केले. उकड मी स्वतः मळते, तूप-पाण्याचा हात लावून, गरम असतानाच, बोटं भाजली तरी. पारी पातळ झाली पाहिजे आणि फाटता कामा नये. सारणात जायफळ घातलं, चव न घेता नुसत्या वासावर अंदाज केला. नैवेद्य झाला. पानावर सगळ्यांनी मोदकाचं नाक मोडून आत तुपाची धार सोडली. मी समोर बसून काकडीच्या चकत्या खाल्ल्या. वहीत त्या दिवशी लिहिलंय: ‘मोदक नाही!’ उद्गारचिन्हासकट. उजवीकडे सात.

सप्टेंबर संपेस्तोवर सात किलो उतरले. हळदीकुंकवाला जाईन तिथे बायका विचारायच्या, काय करतेस गं, किती छान बारीक झालीस. ऑक्टोबरमध्ये मळमळ सुरू झाली. तोंडाला विचित्र वास, जिना चढताना धाप, दिवसभर गळून गेल्यासारखं. त्यावरही उत्तर तयार होतं: यीस्ट मरायला लागलं की त्याचं विष सुटतं आणि चार दिवस त्रास होतो. म्हणजे गुण येतोय. अशा गोष्टीशी वाद घालता येत नाही. बरं वाटलं तर पथ्य लागू पडलं, वाईट वाटलं तरी पथ्य लागू पडलं.

दिवाळीला लेक बेंगळुरूहून आली. दारातच थबकून बघत राहिली. रात्री माझ्या खोलीत आली तेव्हा वही तिच्या हातात होती.

‘आई, हे सहा, सात काय आहे?’

मी म्हटलं, काही नाही गं, असंच. ती पलंगावर बसली आणि उठेचना. शेवटी दिवा मालवल्यावर, अंधारात, मी सांगितलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. ती थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘मला दोनदा झालंय हे. हॉस्टेलला असताना, अँटिबायोटिकनंतर.’ मला माहीत नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं, कुणाची मुलगी ती!

भाऊबीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला चिंचवडातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. साठीच्या, बुटक्या, बोलायला फटकळ. मी ‘स्किनला’ म्हणून सुरुवात केली, तर म्हणाल्या, ‘स्किन राहू दे. योनीत खाज आहे की बाहेर?’ इतकं सरळ विचारल्यावर सरळ उत्तर द्यायला काहीच वाटलं नाही.

तपासून झाल्यावर त्यांनी कापसाच्या काडीने स्राव घेतला. आधी एका पिवळ्या कागदाच्या पट्टीला लावला. यीस्ट असेल तर तिथलं आम्ल बिघडत नाही, दुसरे जंतू असतील तर बिघडतं, म्हणाल्या. मग काचपट्टीवर एक थेंब घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, स्वतः बघितली, आणि मला बोलावलं. ‘या, तुमचे पाहुणे बघा.’

मी डोळा लावला. आधी नुसतं धुकं. त्यांनी खालची चकती फिरवली आणि चित्र उभं राहिलं. खिरीतल्या तुटलेल्या शेवयांसारखे पारदर्शक धागे, कुठे एकमेकांवर पडलेले, कुठे फाटा फुटलेला, आणि सांध्यासांध्यांशी खसखशीचे दाणे चिकटल्यासारख्या कळ्या. सात महिने ज्याच्याशी मी लढत होते ते हे. सुंदर होतं, आता काय लपवायचं. कँडिडा अल्बिकन्स हे त्याचं नाव, आणि लॅटिनमध्ये त्या दोन्ही शब्दांत पांढरेपणाच आहे. ‘पांढरं जातं’ म्हणणाऱ्या माझ्या आजीला लॅटिन येत नव्हतं.

आणि इथे मला बाबा आठवले.

बाबा पिंपरीच्या एच. ए. मध्ये होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने सरकारने १९५४ मध्ये उभारलेला कारखाना. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. मी जन्मले, वाढले कंपनीच्या कॉलनीत. बाबा फर्मेंटेशनला होते. म्हणजे त्यांचं आयुष्यच बुरशी वाढवण्यात गेलं. घराएवढ्या उंच पोलादी टाक्या, त्यात बुरशीला जेवण घालायचं, हवा द्यायची, ढवळत राहायचं, दर काही तासांनी नमुना काढून बघायचं. कपड्यांना कायम एक आंबूस वास. एखाद्या टाकीत भलता जंतू शिरला की अख्खी टाकी ओतून द्यावी लागायची. त्या दिवशी बाबा घरी येऊन एवढंच म्हणायचे, ‘बॅच गेली.’ आणि आम्ही मुलं गुपचूप अभ्यासाला बसायचो.

याच कंपनीत साठच्या दशकात डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचं एक औषध शोधलं. कंपनीच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव हॅमायसिन, आणि ते ज्या जंतूपासून मिळालं त्याचं नाव पिंपरीवरून ठेवलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. अमेरिकेत १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी असंच औषध शोधून त्याला न्यूयॉर्क स्टेटवरून निस्टॅटिन नाव दिलं होतं. बर्मिंगहॅमच्या त्या ४२ बायकांना दिलं तेच हे. तर न्यूयॉर्कच्या मानाने आमची पिंपरी काही मागे नव्हती. बाबा पाहुण्यांना हे हमखास सांगायचे. ‘पिंपरीच्या नावाचा जंतू आहे, महाराज!’ औषध कशावर, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘तोंडात पांढरं येतं ना लहान मुलांच्या, त्याच्यावर.’ बायकांच्या पांढऱ्यावरही तेच वापरत, हे बाबांनी कधी सांगितलं नाही. आमच्या घरात कसं सांगतील?

डॉक्टरीणबाई टेबलाशी परत बसल्या आणि म्हणाल्या, ‘यीस्ट आहे हे नक्की. पण मला वेगळंच खटकतंय. पाळी गेल्यावर हे सहसा कमी होतं. त्याला तिथे जे खायला लागतं, तेच कमी झालेलं असतं. तुमचं उलट कसं?’

लेकीने वही पुढे केली. बाईंनी ती खरंच वाचली. चष्मा नाकावर घेऊन, पाच-सहा पानं, बोट फिरवत. मी आत कुठेतरी फुशारले होते. असा हिशेब त्यांना कुणी आणून दाखवला नसणार. त्यांनी वही मिटली.

‘यात गोळ्यांचा रकाना कुठाय?’

मी म्हटलं, गोळ्या काय, साखरेच्या नेहमीच्याच.

‘नेहमीच्या म्हणजे कधीपासूनच्या?’

दोन जुन्या होत्या. तिसरी फेब्रुवारीत सुरू झाली होती. लहानशी, पिवळी. डापाग्लिफ्लोझिन. हिचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं, तशी ती स्वस्त झाली आणि सरसकट लिहिली जायला लागली. साखरेच्या डॉक्टरांनी ती दिली तेव्हा ‘पाणी भरपूर प्या’ एवढं म्हणाल्याचं आठवतं. कदाचित आणखीही काही म्हणाले असतील. मी पुढचा नंबर घ्यायच्या घाईत होते.

ही गोळी करते काय, तर लघवीतून साखर बाहेर टाकते. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० ग्रॅम साखर गाळतात आणि जवळपास सगळी परत रक्तात ओढून घेतात. ही गोळी त्या ओढण्याला आडकाठी करते, मग रोजची साठ-सत्तर ग्रॅम साखर लघवीवाटे निघून जाते. रक्तातली साखर उतरते, वजन उतरतं, हृदयाला आणि मूत्रपिंडांनाही फायदा होतो. नवऱ्याचा एक मित्र, ज्याचं हृदय अशक्त आहे, तो या गोळीवर तगून आहे. वाईट गोळी नाहीच ती. फक्त ती साखर ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर यीस्टचं घर आहे. योनीतल्या यीस्टचा त्रास या गोळीने कित्येक पटींनी वाढतो, हे तिच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर छापलेलं असतं. पुरुषांनाही होतो, शिश्नाच्या टोकाशी. ते तर आपल्याहून गप्प.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर सत्तर ग्रॅम साखर मोजून बघितली. वाटी जवळजवळ अर्धी भरली. मोदकात गूळ असतो दहा-बारा ग्रॅम.

पण हे नंतरचं. तिथे, खुर्चीत, बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. ‘भात-पोळी किती दिवस बंद आहे? मळमळ होते? धाप लागते?’ लघवीचा नमुना मागितला, त्यात रंगीत चौकोनांची पट्टी बुडवली. साखरेचा चौकोन काळपट तपकिरी झाला. शेजारचा दुसरा जांभळा. बोटातलं रक्त तपासलं तर साखर ११८, अगदी शहाण्या मुलीसारखी.

जांभळा चौकोन कीटोनचा. पिष्ट पोटात जात नाही, त्यात गोळी साखर बाहेर फेकतेय, मग शरीर चरबी जाळायला घेतं, आणि तिचं आम्ल रक्तात साचत जातं. एरवी असं झालं की रक्तातली साखर तीनशे-चारशेवर जाते आणि माणूस धावत डॉक्टरकडे जातो. या गोळीवर मात्र साखर बऱ्यापैकी असतानाही ते होऊ शकतं, म्हणून कळतच नाही. माणूस अतिदक्षता विभागात पोचतो तेव्हा कळतं. ज्याला मी यीस्टचं मरण समजत होते ते हे होतं.

‘खाजेने कुणी मरत नाही,’ बाई म्हणाल्या, ‘तुमच्या पथ्याने मात्र मेला असतात.’ त्यांनी माझ्यासमोरच साखरेच्या डॉक्टरांना फोन लावला. पिवळी गोळी त्याच दिवशी बंद झाली. संध्याकाळी हॉस्पिटलात रक्त तपासलं. आम्ल धोक्याच्या रेषेच्या अलीकडे होतं. चिठ्ठीवर बाईंनी पहिली ओळ लिहिली ती अशी: ‘आज रात्री वरण-भात.’

लेकीने कुकर लावला. तुरीचं साधं वरण, हिंग-हळदीचं, तूप, लिंबू. मी पानावर बसले आणि पहिला घास घेताना मला अपराधी वाटलं. चार महिन्यांचा उपास मोडत होते ना.

उपचाराची गोष्ट त्यामानाने अगदीच साधी. फ्लुकोनॅझोल पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. त्या आठवड्यात ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी निम्मी केली, म्हणजे मंडईतला प्रसंग परत नको. साबण लावायचा नाही, पाण्याने धुवायचं, सुती कपडे. दहाव्या दिवशी खाज शून्य. जानेवारीत एकदा परतली. तेव्हा बाईंनी स्राव प्रयोगशाळेत पाठवला, कारण याच घराण्यातली काही यीस्ट या गोळीला दाद देत नाहीत. तशांवर बोरिक अॅसिडच्या कॅप्सूल असतात, योनीत ठेवायच्या. चुकून पोटात गेलं तर विष. कॅरम बोर्डवर टाकायची ती पांढरी पावडर, तीच जात. लहानपणी कॉलनीच्या क्लबात आम्ही ती मुठीमुठीने उधळायचो. माझं यीस्ट मात्र साधंच, अल्बिकन्सच निघालं. मग आठवड्याला एक गोळी, सहा महिने. अशा कोर्सवर दहातल्या नऊ जणींना त्या सहा महिन्यांत त्रास होत नाही, पण कोर्स थांबल्यावर पुढच्या सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त जणींना तो परत होतो, हेही बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं. मला अजून झालेला नाही. मूळ पुरवठाच बंद झाला, म्हणून असेल.

मग खाण्याचा काहीच संबंध नव्हता का, असं मी त्यांना जरा हिरमुसूनच विचारलं होतं. चार महिने काकडी खाल्लेल्या बाईला काहीतरी पदरात पडायला हवं होतं. म्हणाल्या, साखरेचा आजार असेल तर रक्तातली साखर आवाक्यात ठेवणं हेच पथ्य, आणि ते मोठं पथ्य आहे. पण यीस्टला उपाशी मारता येत नाही. तुम्ही काहीही खा, अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून चहाच्या चमच्याएवढी साखर शरीर राखतंच. ती संपली तर आधी तुम्ही मराल, यीस्ट नंतर. शिवाय धडधाकट बायकांतही दहातल्या एकीदोघींच्या योनीत हे यीस्ट निमूटपणे राहत असतं. ते मुळापासून उपटायचं नसतं, आटोक्यात ठेवायचं असतं. इडलीच्या पिठाचा तर बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता, ते मुख्यतः दह्याच्या भावकीतल्या जंतूंनी आंबतं, आणि वाफेवर तेही जातात. दह्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आवडतं ना? मग खा. औषध म्हणून नको. मेलबर्नच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक घेणाऱ्या बायकांना दह्यातल्यासारखे जंतू मुद्दाम देऊन बघितले होते, यीस्टचा त्रास टळला नाही.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. एखादी टाकी बिघडली की शिफ्टमधले बाकीचे बुरशीला शिव्या द्यायचे, तेव्हा बाबा म्हणायचे, ‘तिला काय कळतंय? आधी बघा, टाकीत घातलं काय.’ हे वाक्य मी हजारदा ऐकलेलं. आणि मी सगळं बघितलं होतं की, तोंडात जाणारा घास न् घास. सकाळी नाश्त्याआधी पाण्याबरोबर गिळते ती पिवळी गोळी तेवढी खाणं या सदरात धरली नव्हती.

परवा साताऱ्याहून वहिनीचा फोन आला. बासष्ट वर्षांची आहे, साखर आहे, गुडघे आहेत. इकडचं तिकडचं बोलून झालं, हवा झाली, सुनेची नोकरी झाली, तरी फोन ठेवेना. मग आवाज खाली गेला. ‘वन्सं, तुम्हाला मध्ये काहीतरी त्रास होता ना, ते कसलं?’

मी म्हटलं, ‘वहिनी, योनीत खाज येते का?’

पलीकडे सामसूम. मागे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचा आवाज आला. मग बारीकसं ‘हो’.

म्हटलं, गोळ्यांचा डबा घेऊन या आणि एकेकीचं नाव वाचा. चष्मा शोधून आणला, वाचली. पिवळी नव्हती, तिच्या जातीची दुसरी गोळीही नव्हती. मध्ये दातासाठी पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं होतं, तीन महिन्यांपूर्वी. साखर शेवटची कधी तपासली ते आठवत नव्हतं. मेडिकलमधून आणलेली ट्यूब होती. मी सांगितलं, ट्यूब बंद करा, उद्या साखर तपासा, परवा बाईडॉक्टरकडे जा, आणि गेल्यावर ‘स्किन’ म्हणू नका. कसं म्हणायचं तेही सांगितलं, दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा बरं जमलं.

‘जाते,’ वहिनी म्हणाली. ‘जाते मी, नक्की. पण वन्सं, तोवर काय काय खायचं बंद करू, ते सांगा.’